घराचे मोल आणि कागदावरची किंमत

घराला आग लागली की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "माणसे सुखरूप आहेत ना?" दुसरा प्रश्न चार दिवसांनी, राख थंड झाल्यावर येतो. तो असतो, "विमा होता का?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला हात जोडून देता आले. दुसऱ्याचे देताना मात्र आम्ही अडखळलो. विमा होता, आणि तरीही तो नसल्यासारखाच होता. हे असे कसे झाले, ते आमचे आम्हांलाच नीट उमगायला वर्षाहून अधिक काळ लागला. आपल्या मासिकाच्या बहुतेक वाचकांचे कुठे ना कुठे एखादे वडिलोपार्जित घर आहे. त्यांच्या उपयोगी पडेल या हेतूने ती हकिकत येथे लिहीत आहोत.

आमचे घर लांजीचे. लांजी आज मध्यप्रदेशच्या बालाघाट जिल्ह्यात आहे. पण आमगाव-गोंदियाच्या बाजूने येणाऱ्याला आपण राज्याची सीमा केव्हा ओलांडली हे पाटीवाचून कळायचे नाही. जुना किल्ला, त्यातली लंजकाई, कोटेश्वराचे देऊळ आणि भोवताली दूरवर पसरलेली धानाची बांधी हे आमचे गाव. भोसल्यांच्या अमलात आमचे कोणी पूर्वज नागपूरकडून कारकुनीवर इकडे आले, असे घरात सांगत आले आहेत. १८६७ साली बालाघाट जिल्हा झाला, तेव्हा भंडाऱ्याचा काही मुलूख त्यात आला. पुढे १९५६ च्या नोव्हेंबरात विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आम्ही होतो तेथेच राहिलो. बाजारात हिंदी, अंगणात पोवारी आणि देवघरात मराठी, अशा तीन भाषांत आमची घडी बसली आहे.

त्याच १९५६ च्या सप्टेंबरात आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. आमच्या वडिलांच्या पिढीला विमा म्हणजे तेवढाच ठाऊक. माणूस मरतो, म्हणून त्याचा विमा उतरवायचा. घर कोठे मरते? उलट घराचा विमा काढणे म्हणजे अभद्र बोलणे, अशीच भावना होती. तशात घर तरी कसे, तर हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, सागवानी खांब, सागाचेच आढे आणि वासे, वर कवेलू. आजोबा खांबावर थाप मारून म्हणत, "हा खांब माझ्या नातवाच्या नातवाला पुरेल." त्या थापेपुढे विम्याची गोष्ट कोण काढणार?

तरीही विमा आला, तो कर्जाच्या पाठीवर बसून. २००९ साली मागच्या सोप्याची दुरुस्ती काढली, तेव्हा थोरल्या दादाने बँकेतून चार लाखांचे कर्ज घेतले. बँकेने कर्जापुरता, म्हणजे चार लाखांचाच, घराचा आगविमा उतरवून घेतला. कर्ज २०१६ साली फिटले. विम्याचा हप्ता वर्षाकाठी काही शे रुपयांचा. तो दादा पुढेही भरत राहिला. आम्ही त्याची थट्टा करीत असू. "दादा, तुझ्या चार लाखांत आता ओसरीसुद्धा उभी राहायची नाही," असे धाकटा एकदा म्हणालाही होता. थट्टेत सांगितलेले खरे कोणी मनावर घेत नाही.

२०१७ सालच्या कार्तिकात, त्रिपुरीच्या आदल्या रात्री, आग लागली. थोरली काकू कार्तिकभर पहाटे काकडा करते आणि शेवटचे दोन दिवस देवघरात समई अखंड ठेवते. देवघराला लागून कोठीची खोली आणि तिच्यावर माळा. थंडीसाठी बाहेर काढलेल्या रजया-गाद्या कोठीत रचून ठेवल्या होत्या. उंदराने जळती वात ओढून नेली असावी, असा सर्वांचा तर्क. वहिनीला जाग आली तेव्हा माळा पेटलेला होता. गोठ्यातली गुरे सोडली, मुलांना उचलले, काकूला जवळजवळ ओढूनच बाहेर काढले. शेजाऱ्यांनी विहिरीवरचे मोटारपंप सुरू केले. बंब आला तेव्हा देवघर, कोठी, माळा आणि मधल्या चौकाची एक बाजू खाली आली होती. सागवान सहजी पेटत नाही म्हणतात. पण एकदा पेटले की ते सावकाश, मन लावून जळते.

सकाळी राखेभोवती माणसे जमली, आणि सहानुभूतीबरोबर सल्लेही सुरू झाले. त्यांतला एक सल्ला चौघांनी चार वेळा दिला: "कारण विचारले तर वायरिंगमध्ये शॉर्टसर्किट झाले म्हणून सांगा. दिव्याने लागली म्हणालात तर निष्काळजीपणा ठरेल, एक पैसा मिळायचा नाही." आम्हांलाही ते पटले, हे कबूल केले पाहिजे. तारा जुन्या होत्याच. आणि त्या बोलायला येणार नव्हत्या. शिवाय काकूचे नाव कागदावर यायला नको, असेही मनात होते. पंचाहत्तरी उलटलेल्या बाईच्या माथी घर जाळल्याचा ठपका कशाला?

काकू अंगणात बाजेवर बसून सर्व ऐकत होती. रात्रीपासून ती एक शब्द बोलली नव्हती. दुपारी पंचनाम्याला पटवारी आले. दादा "शॉर्ट" हा शब्द उच्चारणार, तोच ती म्हणाली, "दिवा मी लावला होता. माझ्या दिव्याचा दोष विजेवर घालू नका. देवासमोर लावलेल्या दिव्याबद्दल खोटे बोलून मिळवलेल्या पैशाचे छप्पर मला डोक्यावर नको." दादाने मान खाली घातली, आणि पटवाऱ्यांनी दिवा असे लिहिले. आता विमा बुडाला, असे समजून आम्ही गप्प बसलो.

विमा कंपनीने नेमलेले सर्व्हेअर तिसऱ्या दिवशी आले. शांत, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी जळालेला भाग मोजला, छायाचित्रे काढली, पंचनामा वाचला आणि समईबद्दल काकूलाच दोन प्रश्न विचारले. काकूने जे होते ते सांगितले. आम्ही भीतभीतच विचारले, "मग आता दावा नामंजूर होणार का?" ते म्हणाले, "आजींनी घर मुद्दाम पेटवले का? नाही ना? मग झाले. माणसाच्या हातून चूक होते, म्हणून तर विमा असतो." पुढे आम्ही विमापत्राची नक्कल मागवून वाचली, तेव्हा दोन्ही गोष्टी कळल्या. विमेदाराची साधी गफलत आगविम्यात दावा फेटाळण्याचे कारण होत नाही. मुद्दाम लावलेली आग मात्र होते. आणि दाव्यात खोटे विधान केले, तर सगळाच हक्क बुडतो. म्हणजे ज्या खोट्याने विमा वाचेल असे चौघे सांगत होते, त्यानेच तो बुडण्याची भीती होती. काकूला यातले काही ठाऊक नव्हते. तिला फक्त दिवा कोणी लावला ते ठाऊक होते.

सर्व्हेअरांनी जळालेल्या वस्तूंची यादी मागितली. आम्ही तीन रात्री बसून ती केली. वहिनीने भांडी सांगितली: काकूच्या माहेरची पितळी घंगाळे, तांब्याचा हंडा, आईची पुरणयंत्राची जोडी. दादाने धानाची पोती मोजली. नागपूरच्या आत्याने फोनवरून माळ्यावरचा लाकडी पाळणा सांगितला, ज्यात आम्ही सर्व भावंडे झोपलो होतो. रायपूरच्या भावाला आजोबांच्या रोजमेळाच्या वह्या आठवल्या. एकाच घरात वाढलेल्या प्रत्येकाच्या मनात निराळे घर होते. एकशे चाळीस नोंदी झाल्या. बिल एकाचेही नव्हते; आईच्या लग्नातल्या घंगाळाचे बिल कोण ठेवतो? एवढे करून यादी दिली, तेव्हा कळले की आमचा विमा केवळ इमारतीचा आहे. आतल्या वस्तूंचा त्यात समावेशच नाही. बँकेला तारण भिंतींचे हवे होते, भांड्यांचे नव्हे. विमापत्र आठ वर्षे घरात होते. ते उघडून वाचण्याची तसदी आम्ही एकदाही घेतली नव्हती.

पुढची अडचण मालकीची. विमा दादाच्या नावावर, घर अजून आजोबांच्या नावावर, आणि हक्कदार नऊ. नागपूर, रायपूर, जबलपूर, इंदूर आणि हैदराबाद अशा पाच शहरांत विखुरलेले. कंपनीने सर्वांची संमतिपत्रे मागितली. त्यांतल्या दोघांत गेली बारा वर्षे बोलणे नव्हते. त्या दोघांचीही पत्रे आली. एकाने तर पत्रासोबत छपराच्या खर्चासाठी स्वतःचा धनादेशही पाठवला. घर उभे असताना ज्याची आम्हांस लाज वाटली नाही, ते वारसनोंदीचे काम घर जळाल्यावर वर्षभरात पार पडले.

आणि मग ते पत्र आले. कंपनी पंचाहत्तर हजार रुपये देण्यास तयार होती. सोबत "संपूर्ण व अंतिम भरपाई मिळाली" असे लिहिलेली पावती सहीसाठी जोडली होती.

या पंचाहत्तर हजारांचा हिशेब समजून घेण्यात आमचे दोन महिने गेले. तो वाचकांसमोर मांडतो, कारण सगळा वाद याच हिशेबात होता. सर्व्हेअरांच्या मते संपूर्ण घर आजच्या दराने बांधायला १६ लाख रुपये लागले असते. जळालेला भाग पुन्हा उभारायला ६ लाख. घर जुने, म्हणून निम्मी घट. तेव्हा नुकसान ३ लाखांचे. येथवर ठीक. पण विम्यात सरासरीची अट असते. घराची किंमत जेवढी, तेवढा विमा नसेल, तर जितका भाग उतरवला नाही तितक्या भागाचे विमेदार स्वतःच विमा देणारे समजले जातात आणि तो तोटा त्यांनीच सोसायचा. विमा ४ लाखांचा, घर १६ लाखांचे; म्हणजे चौथा हिस्सा. म्हणून ३ लाखांचा चौथा हिस्सा, पंचाहत्तर हजार.

प्रथम आम्हांला वाटले की ही अटच अन्यायाची आहे. मग उमगले की ती तशी नाही. सोळा शेर धान्य राखायचे सांगून चार शेरांचीच राखण द्यावी, आणि चोरी झाल्यावर सगळे मागावे, हे कोणताही राखणदार ऐकणार नाही. या भागात दोष आमचाच होता. दादा मात्र हिशेबाकडे पाहत राहिला. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेला माणूस. एका रात्री त्याने आम्हां सर्वांना उठवले आणि म्हणाला, "यांनी दोन मापे वापरली आहेत. नुकसान मोजताना घर जुने धरले, म्हणून निम्मे कापले. पण घराची किंमत मोजताना तेच घर नवे धरले, पुरे १६ लाखांचे. जुने असेल तर दोन्हीकडे जुने धरा. मग घर ८ लाखांचे, विमा त्याच्या निम्मा, आणि ३ लाखांचे निम्मे होतात दीड लाख."

एवढीच गोष्ट. पण ती दिसायला गणिताचा मास्तर लागला.

धाकटा म्हणाला, "जाऊ द्या, सही करा. पावसाळा तोंडावर आहे. मोठ्या लोकांशी भांडून काय मिळायचे?" त्याचेही चूक नव्हते, ताडपत्रीखाली मुले निजत होती. दादाने सही केली नाही. त्याने एक साधे पत्र लिहिले, त्यात फक्त दोन्ही मापांचा हिशेब मांडला आणि विमा कंपनीच्या तक्रार विभागाकडे पाठवला. शिव्याशाप नाहीत, दयायाचना नाही.

विम्यातल्या शब्दांवरून आणि अपवादांवरून माणसे अडचणीत येणे आमच्यापासून सुरू झालेले नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाला आग लागली. कापूस आणि दारूगोळा एकाच जहाजात होता. स्फोटांनी गोदी आणि आसपासची वस्ती उद्ध्वस्त झाली. आग विझवताना अग्निशामक दलाच्या जवानांनी प्राण दिले, आणि त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस आजही देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. युद्धकाळ होता. आगीचा विमा असलेल्या घरादारांचा आणि मालाचाही प्रश्न एवढा गुंतागुंतीचा झाला, की भरपाईसाठी सरकारला त्याच वर्षी स्वतंत्र वटहुकूम काढावा लागला. तेव्हा एका शहराच्या हाकेला सरकार धावले. एकट्या घराच्या हाकेला वटहुकूम निघत नाही. त्याला आपल्या कागदावरच उभे राहावे लागते.

दादाच्या पत्राला महिना उलटूनही उत्तर आले नाही. तेव्हा जबलपूरच्या भावाने विमा लोकपालांची माहिती काढली. १९९८ पासून ही व्यवस्था आहे. मध्यप्रदेश आणि छत्तीसगडसाठी तिचे कार्यालय भोपाळला आहे. तेथे शुल्क लागत नाही आणि वकीलही नको. मात्र आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभर वाट पाहिलेली असावी लागते, आणि मग वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. याशिवाय ग्राहक न्यायालयाचा मार्ग १९८६ च्या कायद्याने खुला केलेला होताच. आता त्याच्या जागी २०१९ चा कायदा आहे. याच शोधात सर्वोच्च न्यायालयाची दोन मते कळली, ती वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहेत. १९९९ च्या एका निकालात म्हटले आहे की, अंतिम भरपाईच्या पावतीवर सही केली एवढ्यानेच हक्क संपत नाही. ती सही दबावाने वा फसवणुकीने घेतली होती हे मात्र विमेदाराला दाखवून द्यावे लागते. २००९ च्या निकालानुसार सर्व्हेअरचा अहवाल महत्त्वाचा खरा, पण तो शेवटचा शब्द नव्हे.

आम्ही भोपाळला अर्ज धाडला. सुनावणीची तारीख लागण्यापूर्वीच कंपनीच्या वरच्या कार्यालयाचे पत्र आले: हिशेब पुन्हा तपासला असून दीड लाख रुपये मंजूर करण्यात येत आहेत. दादाने ते पत्र काकूला वाचून दाखवले. ती म्हणाली, "म्हणजे तुझे गणित बरोबर होते." दादा म्हणाला, "आणि तुझी साक्षही."

दीड लाखात सहा लाखांचे काम होत नाही. पटवाऱ्यांच्या पंचनाम्यावरून सरकारी मदतीची थोडी रक्कम मिळाली; उरलेले नऊ जणांनी मिळून उभे केले. जिंकल्याचा आनंद झाला, हे खरे. पण रात्री हिशेबाची वही मिटताना एक सत्य टोचत राहिले. कंपनीने आमचे पंचाहत्तर हजार चुकवले होते. आम्ही आमचेच साडेचार लाख चुकवले होते. ज्या घराचे मोल करता येत नाही असे आम्ही उठताबसता म्हणत होतो, त्याची कागदावर आम्ही मांडलेली किंमत मात्र एका जुन्या कर्जाएवढी होती.

त्यानंतर नियम बदलले आहेत. १ एप्रिल २०२१ पासून सर्व साधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' नावाचे एकाच नमुन्याचे विमापत्र देणे भाग झाले. त्यात घराच्या विम्याला सरासरीची अट लावत नाहीत. भरपाई पुन्हा बांधण्याच्या खर्चावर ठरते. आणि घरातल्या सामान्य वस्तूंनाही इमारतीच्या रकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत, कमाल दहा लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळते. दागिने वा मौल्यवान चिजांसाठी वेगळे सांगावे लागते. हे आमच्या वेळी असते तर बरे झाले असते. तरीही उतरवलेल्या रकमेपलीकडे कोणी देत नाही; ती रकम विचारपूर्वक लिहिणे आपल्याच हाती.

म्हणून वाचकांस चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. गावाकडच्या घराचे विमापत्र असेल तर येत्या सणाला सर्व जमाल तेव्हा ते मोठ्याने वाचा. विमा कर्जाएवढा आहे की घर पुन्हा बांधण्याएवढा, ते पाहा. आजोबांच्या नावावरचे घर हयात हक्कदारांच्या नावे करून घ्या. आणि घरातल्या वस्तूंची यादी छायाचित्रांसह करून तिची एक प्रत दुसऱ्या गावच्या नातलगाकडे ठेवा. आमची विमापत्राची प्रत घराबरोबरच जळाली होती, आणि दादाच्या खिशातल्या डायरीत क्रमांक टिपलेला नसता तर सुरुवातच झाली नसती.

देवघर आता पुन्हा उभे आहे. कोठीपासून दोन हात दूर, विटांचे. त्रिपुरीला काकूची समई लागते, पण खाली पाण्याची परात असते आणि रात्री घरातले कोणी ना कोणी तिच्याजवळ पाळीने बसते. ती एकशे चाळीस नोंदींची यादी कंपनीच्या उपयोगाची नव्हती. ती आम्ही फाडली नाही. पाळीवर बसलेली मुले तीच वाचतात, आणि "घंगाळे म्हणजे काय हो, आजी?" असे काकूला विचारतात. मग काकू सांगत बसते, आणि पहाट कधी होते ते कोणालाच कळत नाही.